जोडीदाराचा रकाना

चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला होता. तेल अजून तापलेलं, खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली आणि मावशी हातात झारा घेऊन ओट्याला टेकून उभी. 2024 ची दिवाळी. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे गल्लीत फटाक्यांपेक्षा प्रचाराच्या रिक्षांचा दणका मोठा. मी पाटावर बसून मोबाईलवर तालुक्यातल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचत होते. हा माझा जुना नाद आहे. निवडणूक आली की लोक एक्झिट पोलची वाट बघतात, मी प्रतिज्ञापत्रांची. कोणावर कसले गुन्हे, कोणाची किती एकर, कोणाचं शिक्षण मागच्या वेळेपेक्षा वाढलं. ज्यांच्या मागेपुढे सात गाड्या पळतात त्यांच्या नावावर बहुधा मोटारसायकलसुद्धा नसते. मी मोठ्याने वाचत होते, मावशी हं हं करत ऐकत होती. मग अण्णांची पाळी आली. अण्णा हे त्यांचं खरं नाव नाही, तालुकाही सांगत नाही. जोडीदाराच्या रकान्यात वहिनींचं नाव होतं, पॅन क्रमांक होता आणि खाली दागिने: सोनं, साडेचारशे ग्रॅम.

मावशीने झारा खाली ठेवला. "किती म्हणालीस?"

"साडेचारशे ग्रॅम. पंचेचाळीस तोळे."

"तिला ठाऊक आहे का गं?"

मी हसले. हसण्यासारखंच होतं. अण्णांच्या वहिनी, म्हणजे कागदावरच्या वहिनी, गेली कित्येक वर्षं भावाकडे राहतात हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. साड्यांना पिको-फॉल करून देतात. मावशीच्या दोन साड्यांना त्यांच्याच हातचा फॉल आहे. अण्णा दुसऱ्या घरी राहतात, त्या घरातल्या बाई हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत व्यासपीठावर असतात, फ्लेक्सवर त्यांचा फोटो असतो आणि त्यांनाही लोक वहिनीच म्हणतात. अर्ज भरायची वेळ आली की मात्र कायद्याने जी बायको तिचं नाव घालावं लागतं. त्या बाईच्या नावावर पंचेचाळीस तोळे सोनं आहे अशी शपथ अण्णांनी घेतली होती, नोटरीसमोर, शिक्क्यासकट. ते सोनं तिने कधी अंगावर घातलं का, ते कुठल्या लॉकरमध्ये आहे, चावी कोणाकडे, हे विचारायला प्रतिज्ञापत्रात जागा नाही.

पुण्याला परत येताना तो प्रश्न डोक्यात होता. नंतरही गेला नाही.

राजकारण्यांच्या खासगी भानगडींवर आपल्याकडे दोनच वाक्यं तयार असतात. एक, "माणसाचं खासगी आयुष्य त्याच्यापाशी, आपल्याला कामाशी मतलब." दुसरं, "जो बायकोचा झाला नाही तो जनतेचा काय होणार?" कुठलं वाक्य कधी काढायचं हे पक्ष बघून ठरतं. आपल्याकडचा असला की पहिलं, त्यांच्याकडचा असला की दुसरं. पुढाऱ्याने पक्ष बदलला की वाक्यंही रातोरात घर बदलतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष इतक्यांदा फुटले आणि जुळले की कुणाच्या पापाबद्दल कुणी बोलायचं याचा हिशेब ठेवणंही अवघड झालंय. कालपर्यंत ज्यांच्या घरच्या गोष्टी चवीने सांगितल्या, ते आज शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात.

पण कागद तसा नसतो. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला आणि गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे जाहीर करणं उमेदवाराला भाग पाडलं. सगळ्या पक्षांनी मिळून तो निर्णय पातळ करायला कायदा केला, 2003 मध्ये न्यायालयाने तो डावही उधळला. तरी वाटा निघाल्या. अडचणीचा रकाना सरळ कोरा सोडायचा. मग 2013 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की कोरा रकाना चालणार नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये वडोदऱ्याच्या अर्जात नरेंद्र मोदींनी जोडीदार म्हणून जशोदाबेन यांचं नाव लिहिलं. त्याआधीच्या विधानसभेच्या अर्जांत तो रकाना कोरा असायचा. त्यावर तेव्हा भरपूर गदारोळ झाला, टोमणे झाले, समर्थनं झाली आणि निकालावर त्याचा तीळमात्र परिणाम झाला नाही. मला आठवतं ते वेगळंच. एका शाळेतून निवृत्त झालेल्या, भावांकडे राहणाऱ्या त्या बाईंच्या दारात अचानक कॅमेरे गेले होते. देशाचं मत बनवण्यासाठी त्यांनी काहीतरी बोलावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. इतकी वर्षं त्यांना काय वाटतं हे विचारायला फारसं कुणी गेलं नव्हतं.

मावशीने अण्णांच्या वहिनींबद्दल विचारलं त्याला कारण होतं. मावशी स्वतः टाकलेली. आमच्याकडे हाच शब्द वापरतात आणि तो तिच्यासमोरही वापरतात. पहिली मुलगी झाली, नंतर दिवस राहिले नाहीत ते नाहीतच, आणि सासरच्यांनी दुसरी आणली. मावशी मुलीला घेऊन माहेरी आली ती कायमचीच. घटस्फोट नाही, पोटगी नाही, काहीच नाही. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती, अशा बायका पहिल्यांदाच इतक्या संख्येने एका मांडवात आल्या होत्या. मावशीला कुणीतरी चल म्हणालं होतं. मामांनी जाऊ दिलं नाही. घरातली गोष्ट स्टेजवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मावशीचा नवरा मात्र पुढे गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला, तोही बिनविरोध. त्याच्या अर्जाच्या वेळी कुणाला काही आठवलं नाही. दुधाच्या फॅटमध्ये तो काटा मारायचा नाही म्हणे. मावशीच सांगते हे, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडासा अभिमानही असतो. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मुलीचं लग्न झालं, मामा थकले, आणि एके दिवशी मावशीने ठरवलं की निराधारचा पगार चालू करायचा. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तांना अनुदान मिळतं. तेव्हा महिना 600 होते, आता 1,500 आहेत. पण टाकलेलं असणं वेगळं आणि टाकल्याचं सिद्ध करणं वेगळं. उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा दाखला हवा. नवऱ्याने सोडल्याचा दाखला हवा. तलाठी पंचनाम्याला येणार, गावातल्या माणसांच्या सह्या लागणार. मामांनी सही द्यायला नकार दिला. बहिणीला निराधार लिहून दिलं तर आपण काय मेलोय का, हा त्यांचा प्रश्न. शेजाऱ्यांनी चेअरमनसाहेबांशी वाकडं नको म्हणून टाळलं. मावशी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून यायची. कचेरीतला कारकून फाईल उघडायचा, चष्म्यावरून बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "नवरा नांदवत नाही का? का बरं?"

त्या योजनेची तालुक्याची समिती असते. तिचा अध्यक्ष पालकमंत्री नेमतात, तहसीलदार सदस्य सचिव. त्या वर्षी अध्यक्ष होते अण्णा. मावशी एका सकाळी त्यांच्या संपर्क कार्यालयात गेली. अण्णांनी खुर्ची दिली, पोराला पाणी आणायला सांगितलं, कागद चाळले, का आणि कसं यातलं काहीही विचारलं नाही आणि तिथूनच तलाठ्याला फोन लावला. सह्यांना आपलीच दोन माणसं पाठवली. पुढच्या बैठकीत प्रकरण मंजूर. मावशी म्हणते, "मला वाटलं होतं, आता हाही विचारणार. पण नाही विचारलं. त्याला काय विचारायचं, त्याच्या घरचीच तर होती एक."

हे ती रागाने म्हणत नाही. निरीक्षण म्हणून सांगते.

तर 20 नोव्हेंबरला मावशीचं मत अण्णांनाच गेलं. मी फोनवर विचारलं, त्या सोन्याचं काय? ती म्हणाली, "सोन्याचं त्याच्या बायकोने विचारायचं. मी पगाराचं विचारलं होतं, त्याने दिला." मग थोडं थांबून, "तिचं वाईट वाटतंच की. पण माझ्या मताने तिला सोनं मिळणारे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाडक्या बहिणीचे हप्ते त्या वर्षी गावभर येत होते, मावशीला ते नव्हते, कारण तिचा निराधारचा पगार आधीच चालू होता. आपण त्या यादीत नाही याचं तिला वाईट वाटलं नाही. तिला तिचा पगार पुरे होता. आणि तो ज्याच्या सहीने सुरू झाला, ती सही तिला आजही आठवते.

नेत्याचं चारित्र्य तपासून मत द्यायचं ही चैन आहे का, असं मला तेव्हा वाटून गेलं. ज्याला दाखल्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही त्यानेच ही चर्चा करावी. माझं काम ऑनलाइन होतं, माझा नगरसेवक मी ओळखत नाही, त्यामुळे मला त्याच्या लग्नाबद्दल बाणेदार राहता येतं. पण एवढं म्हणून विषय सोडून द्यावा असंही वाटेना. कारण अण्णांनी मावशीला न विचारता दाखला दिला, तो चांगुलपणा होता की अपराधी मनाची भरपाई, की निव्वळ मतांचा हिशेब, हे ठरवता येत नसलं तरी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. वहिनी त्या कार्यालयात दाखला मागायला जाऊ शकत नव्हत्या. तालुक्यातली कुठलीही टाकलेली बाई अण्णांच्या सहीवर निराधार ठरू शकत होती, एक सोडून.

शिवाय चारित्र्याचं माप कोणाच्या हातात द्यायचं हाही प्रश्न आहेच. आपल्या मराठी मुलखाला या मापाचा मोठा अनुभव आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली, तिथे चहा पुढे आला, आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. रानडे आणि टिळक, दोघेही त्यात सापडले. चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. चहाच्या कपावरून. त्याच न्यायमूर्ती रानड्यांनी 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर विधवेशी लग्न करण्याऐवजी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं, स्वतः एकतीस वर्षांचे असताना, वडिलांच्या आग्रहाखातर. सुधारकांनी तेव्हा त्यांना बोल लावले, बोलून दाखवायचं एक आणि करायचं दुसरं म्हणून. पण सनातनी पुण्याच्या लेखी त्या लग्नात गैर काही नव्हतं. गैर होता तो चहा. आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी खरोखरच विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे लोकांच्या नीतिमत्तेवर उमेदवार निवडायची सोय तेव्हा असती तर कर्व्यांचं डिपॉझिट जप्त झालं असतं. हे आठवलं की "चारित्र्यवान नेता हवा" असं कुणी ठणकावून सांगितलं की मी जरा सावध होते. कुठलं चारित्र्य, कोणाच्या फूटपट्टीवरचं?

या रानड्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते सुधारकांच्या रागाचं. तो राग मला पटतो. लग्न खासगी होतं, पण प्रश्न सार्वजनिक होता, कारण माणूस ज्या गोष्टीसाठी सभा घेत होता तीच गोष्ट घरात उलटी झाली होती. आजही माझ्या मनात खरी रेघ तिथेच उमटते. कोणी आयुष्यभर विवाहसंस्थेवर भाषणं ठोकत नसेल, कुणाच्या लव्ह मॅरेजवर, कुणाच्या कपड्यांवर बोलत नसेल, तर त्याच्या प्रेमप्रकरणात मला रस नाही. बोलत असेल तर आहे.

पण हेही अर्धंच झालं. दुटप्पीपणा पकडून दिला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं, आणि त्या घरात ज्यांचं नुकसान झालं ते तसेच राहतात. 1978 मध्ये जगजीवनराम पंतप्रधानपदाच्या शर्यतीत असताना त्यांच्या मुलाची एका तरुणीबरोबरची छायाचित्रं मनेका गांधींच्या मासिकाने छापली. जगजीवनराम यांना त्याचा किती फटका बसला यावर आजही लिहिलं जातं. त्या मुलीचं पुढे काय झालं यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. तीन वेळा उत्तर प्रदेशचे आणि नंतर उत्तराखंडचे मुख्यमंत्री राहिलेल्या नारायणदत्त तिवारींवर त्यांच्याच मुलाने 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पितृत्वाचा दावा केला. तिवारींनी रक्ताचा नमुना द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, शेवटी 2012 मध्ये चाचणी झाली आणि ते वडील ठरले. 2014 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी त्या मुलाच्या आईशी लग्न केलं. लोकांनी विनोद केले, आम्हीही हसलो. पण एका माणसाला "हा माझा बाप" एवढं वाक्य कायदेशीर करून घ्यायला किती वर्षं लागली आणि समोरच्याकडे ते लांबवायला किती वकील होते, हा त्यातला गंभीर भाग विनोदात वाहून गेला.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. 2021 च्या जानेवारीत मंत्री असताना धनंजय मुंडे यांनी फेसबुकवर लिहिलं की एका महिलेशी 2003 पासून आपले परस्पर संमतीने संबंध आहेत, दोन मुलं आहेत, मुलांना आपण आपलं नाव दिलंय आणि घरच्यांना हे माहीत आहे. त्या महिलेच्या बहिणीने केलेल्या बलात्काराच्या आरोपाला उत्तर म्हणून ते लिहिलं गेलं होतं, ती तक्रार काही दिवसांत मागे घेतली गेली. मंत्रिपद टिकलं. 2024 ला परळीने त्यांना सुमारे 1 लाख 40 हजारांच्या फरकाने निवडून दिलं. पुढे 2025 च्या मार्चमध्ये प्रकृतीचं कारण देत त्यांनी मंत्रिपद सोडलं, ते मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येत त्यांचा निकटवर्तीय मुख्य आरोपी ठरल्यावर. त्या खटल्यात ते स्वतः आरोपी नाहीत. या सगळ्यात मतदारांनी घरच्या गोष्टीला काय किंमत दिली असं विचाराल तर, काहीच नाही. आणि मला वाटतं, 2021 ची ती पोस्ट वाचून अनेकांना तिटकारा आला असेल तसं काहींना बरंही वाटलं असेल. निदान मुलांना नाव तरी दिलं, असं माझ्या ऑफिसातली एक जण म्हणालीच होती. आपल्या अपेक्षा कुठे येऊन थांबल्यात बघा: बापाने मुलांना नाव दिलं की तो भला माणूस.

असल्या चर्चेत कुणीतरी फ्रान्सचं उदाहरण काढतोच. तिकडे बघा, राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या मितराँच्या अंत्यसंस्काराला 1996 मध्ये पत्नी आणि दुसरं कुटुंब दोन्ही हजर, लोक किती प्रगल्भ. ते छायाचित्र खरंच सुंदर आहे. पण त्यामागची गोष्ट क्वचितच कुणी पुढे सांगतं. ते दुसरं कुटुंब सरकारी मालकीच्या घरात राहत होतं, सरकारी सुरक्षेत होतं, आणि मुलीबद्दल कुणी छापू नये म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या एका पथकाने पत्रकारांचे आणि लेखकांचे फोन चोरून ऐकले होते. त्यावरचा खटला मितराँ गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2005 मध्ये निकाली निघाला. ज्याला खासगी म्हणून सभ्यपणे सोडून दिलं होतं त्याचं भाडं करदाता भरत होता. सत्तेतल्या माणसाचं खासगी आयुष्य फार काळ खासगी राहतच नाही. ते झाकायला ड्रायव्हर लागतो, पोलिस लागतो, बदलीच्या धाकाने गप्प बसणारा कुणीतरी लागतो.

आणि काही गोष्टी मुळात खासगी नसतातच. 2024 मध्ये कर्नाटकातल्या हासनच्या लोकसभा मतदानाच्या तोंडावर पेनड्राइव्ह वाटले गेले, तिथल्या खासदार प्रज्वल रेवण्णाचे व्हिडिओ फिरले, बायकांचे चेहरे न झाकता. टीव्हीवाले आठवडाभर त्याला "अश्लील व्हिडिओ प्रकरण" म्हणत होते. प्रज्वल सुमारे 42 हजारांनी हरला. 2025 च्या ऑगस्टमध्ये घरकाम करणाऱ्या एका बाईवरच्या बलात्काराबद्दल त्याला जन्मठेप झाली. यात चारित्र्य, भानगड, खासगी चूक असले शब्द वापरायचे नसतात, हे एवढं साधं. तरी त्याचा उल्लेख करतेय, कारण "खासगी गोष्टीत पडू नये" म्हणणाऱ्यांच्या पदराखाली हेही सर्रास लपवलं जातं.

तर खासगीत पाहायचं की नाही, असा प्रश्न आपण तत्त्वाचा म्हणून घोळवतो. कायद्याने तो गावपातळीवर कधीच सोडवून टाकलाय. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेली चालत नाहीत. घरात शौचालय हवं आणि ते वापरत असल्याचा दाखला हवा. घरच्यांनी सरकारी जागेवर अतिक्रमण केलेलं असलं तरी पद जाऊ शकतं, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारलाय. म्हणजे सदस्याच्या माजघरात, संडासात आणि बाळंतिणीच्या खोलीत राज्य खुशाल डोकावतं. आमदार-खासदाराला यातली एकही अट नाही. त्याला चार मुलं असोत, तो गावाचा, तालुक्याचा, राज्याचा कारभार हाकू शकतो. वॉर्ड क्रमांक तीनच्या सदस्येला मात्र तिसरं मूल झालं की ती अपात्र.

आमच्या शेजारच्या गावात हे घडलेलं मी पाहिलंय. महिला राखीव जागेवर निवडून आलेली सरपंच, वय जेमतेम तीस, दोन मुली. सासूला नातू हवा होता. तिसऱ्यांदा मुलगा झाला, पेढे वाटले गेले, आणि विरोधी गटाने जन्मनोंदीचा उतारा काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला. ती सुनावणीला गेली तेव्हा मूल दोन महिन्यांचं, सोबत आणावंच लागलं होतं. बाळ रडायला लागलं तसं समोरच्या वकिलाने हसून सांगितलं की साहेब, पुरावा स्वतःच हजर आहे. किती मुलं व्हावीत हे तिने ठरवलं नव्हतं, सरपंच व्हायचंही तिने ठरवलं नव्हतं. पद गेलं तिचं. पुढच्या निवडणुकीत त्याच जागेवरून सासू उभी राहिली आणि निवडून आली. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या दोन अपत्यांच्या अटीची पाहणी केली होती, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण जे आढळलं ते ओळखीचं आहे. पद वाचवण्यासाठी पुरुषांनी गरोदर बायकोला माहेरी धाडलं, मूल आपलं नाहीच म्हणाले, बायको टाकली. नीतिमत्ता तपासायला निघालेल्या कायद्याने आणखी काही बायका मावशीच्या रांगेत आणून बसवल्या.

हे सगळं मी एकदा माझ्या मैत्रिणीपुढे ओतलं. ती कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. बोलणं चहाच्या टपरीवर, तिच्या दोन तारखांच्या मधल्या वेळात, त्यामुळे तिला पाल्हाळ नको होतं. ती म्हणाली, तुमच्या लेखकांचं हेच, चारित्र्य चारित्र्य करत बसता. मला उमेदवाराचं चारित्र्य नको, मला त्याची थकबाकी सांग. मग तिने फॉर्म 26 चं, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राच्या नमुन्याचं, सगळं सांगितलं. सरकारी बंगल्याचं भाडं थकलंय का, वीज, पाणी, टेलिफोनचं बिल थकलंय का, हे उमेदवाराने शपथेवर लिहायचं असतं. बँकेचं कर्ज, आयकर, जीएसटी, सगळं. बायकोचा छळ केल्याचा गुन्हा दाखल असेल तर तोही दिसतो. पण न्यायालयाने पोटगीचा आदेश दिलाय आणि याने तो पाळलेला नाही, हे सांगायला वेगळी ओळ नाही. माझ्याकडे अशा फायली आहेत, ती म्हणाली, ज्यांत नवरा पंचायत समितीत, साखर कारखान्यावर, कुठे कुठे निवडून आलाय, आणि बायको वसुलीच्या वॉरंटसाठी दोन दोन वर्षं खेपा घालतेय. पोलिस सांगतात, इसम मिळून आला नाही. इसमाची सभा असते त्या दिवशी, बंदोबस्ताला तेच पोलिस.

मला तिचं म्हणणं एकदम पटलं. कुणाबरोबर झोपतो, दुसरं घर कुठे आहे, मला काही नको. न्यायालयाने ठरवून दिलेली रक्कम बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईबापाला पोचते की नाही, एवढी एक ओळ छापा. आईबापांनाही पोटगीचा हक्क आहेच कायद्याने. त्यात कुणाच्या शयनगृहात डोकवायला लागत नाही, कुठल्या बाईच्या दारात कॅमेरा न्यावा लागत नाही आणि कर्व्यांचं डिपॉझिटही वाचतं. मावशीसारख्या न्यायालयापर्यंतच न पोचलेल्या बायकांना याचा उपयोग नाही, हे मी लगेच बोलून दाखवलं. मैत्रीण म्हणाली, नाहीच आहे. पण निदान ज्या पोचल्यात त्यांच्यापासून सुरू कर.

मी म्हटलं, एक ओळ टाकून काय होणार, पुढारी अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सगळी पोटगी एकरकमी भरतील आणि रकान्यात "निरंक" लिहितील.

"भरू देत की," ती काळा कोट चढवत म्हणाली. "घरपट्टी, पाणीपट्टी अशीच वसूल होते निवडणुकीत. ग्रामसेवक वाटच बघत असतो. माझ्या तीन अशिलांचे तेवढ्यावर चार लाख निघतात."

आणि चहाचे पैसे माझ्यावर सोडून पुढच्या तारखेला निघून गेली.